शर्यत, नियम आणि आमचे काका



हैदराबादच्या आमच्या धर्मग्रामात मिस्सा तेलुगू आणि इंग्रजीत होते. मराठी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून मिस्सेनंतर तासभर आम्ही दोघे नवरा-बायको त्यांच्या मुलांचा धर्मशिक्षण वर्ग मराठीतून घेतो. या प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीला आम्ही संत पौलाची पत्रे शिकवत होतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:५) पौल सांगतो की, खेळाडू नियमाला धरून खेळला नाही तर त्याला मुकुट मिळत नाही. वर्गातला चौदा वर्षांचा एक मुलगा रविवार सोडून रोज पहाटे बाह्यवळण रस्त्यालगतच्या सायकल मार्गावर सराव करतो. तोच, २०२३ साली सुरू झालेला, सौरछताखालचा २३ किलोमीटरचा मार्ग. त्याने हात वर केला.

"सर, पण सगळेच औषध घेतात म्हणे. मग न घेणारा हरणारच ना? त्याला मुकुट कोण देणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर पुस्तकात होते, पण आमच्या तोंडी येईना. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून आम्ही वेळ मारून नेली. घरी येताना दोघेही गप्प होतो, कारण दोघांच्याही मनात एकच माणूस होता. आमचे काका.

काका नात्याचे नव्हते, पण नात्याहून जवळचे होते. मूळचे नगरकडचे. रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आले आणि निवृत्तीपर्यंत लालागुडा वर्कशॉपला सायकलनेच गेले. तरुणपणी त्यांनी एकदा मुंबई-पुणे सायकल शर्यतीत भाग घेतला होता. बोरघाटाचा चढ, पायात येणारे गोळे आणि सर्वांच्या आधी घाट चढणाऱ्याला मिळणारा 'घाटांचा राजा' हा किताब, हे सगळे त्यांच्या तोंडून ऐकतच आम्हाला सायकल शर्यतींची गोडी लागली. केबलवर टूर द फ्रान्स लागली की काका आमच्या घरी. आई चहा करायची आणि शर्यतीतले काही न कळताही शेवटपर्यंत बसायची.

२००४ साली आईला कर्करोग झाला. त्या काळात लान्स आर्मस्ट्राँग हे नाव आमच्या घरात जवळजवळ प्रार्थनेसारखे घेतले जाई. १९९६ साली त्याचा कर्करोग फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरला होता. त्यातून उठून तो १९९९ पासून दरवर्षी टूर जिंकत होता. त्याच्या संस्थेचा पिवळा रबरी पट्टा आम्ही कुठून कुठून मिळवला. एक आईच्या हातात, दोन आमच्या हातांत. गळ्यात क्रूस आणि मनगटावर पिवळा पट्टा! कोणाकडे बघून आम्हाला जास्त धीर येत होता, हे आज प्रामाणिकपणे सांगायचे तर मान खाली घालावी लागते.

ऑगस्ट २००५ मध्ये फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकाने बातमी दिली की, आर्मस्ट्राँगच्या १९९९ सालच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत ईपीओ हे औषध सापडले आहे. काका इंग्रजी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "पोरांनो, आईला बरं वाटावं म्हणून प्रार्थना करा. पण या माणसावर भार टाकू नका."

आम्ही भडकलो. पलीकडच्या खोलीत आई झोपली होती. "तुम्हाला स्वतःला काही जिंकता आलं नाही, म्हणून जळता," असे आम्ही त्यांना म्हणालो. दोघांपैकी कोण म्हणाले ते लिहीत नाही, कारण दुसऱ्याने अडवले नाही. काकांनी कात्रणाची घडी घातली, खिशात ठेवली आणि सायकल काढली. २००६ मध्ये आई गेली, तेव्हा ते दफनभूमीत सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे जाणेच टाकले.

ईपीओ म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हाच ठाऊक असायला हवे होते. केमोथेरपीत आईच्या अंगातले रक्त कमी झाले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन त्याच औषधाचे होते. ते रक्तातील तांबड्या पेशी वाढवते. आजारी माणसाला त्याने चार पावले चालता येतात. धडधाकट स्वाराला त्याने डोंगर सोपा होतो आणि शेजारच्या प्रामाणिक स्वाराचा घास काढून घेतला जातो. औषध एकच. आईसाठी ती दया होती, तिथे ती चोरी झाली.

खेळाच्या अधिकाऱ्यांनी नियम केले नाहीत असे नाही. १९९७ साली ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेले तर स्वाराला काही दिवस शर्यतीबाहेर बसवायचे, असे ठरले. पण लबाडांनी त्या नियमाचाच आधार घेतला. ४९ पर्यंत औषध घ्यायचे आणि थांबायचे! बंधू-भगिनींनो, आपणही पुष्कळदा आज्ञा अशाच पाळतो. पकडले जाणार नाही इथपर्यंत सगळे चालते, असे मनाशी धरतो. येशूने परुशांना जे सुनावले ते याच ४९ टक्क्यांबद्दल होते, असे आता आम्हाला वाटते.

नियम आला की आम्हा शौकिनांचीही कुरकूर असायचीच. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा स्वार डोक्यावर पडून मरण पावला. त्यानंतर हेल्मेट सक्तीचे झाले. तेव्हा, आता स्वारांचे चेहरे दिसत नाहीत, मजा गेली, असे आम्ही म्हणालो होतो. काका म्हणाले होते, "मजा तुमची, डोकं त्याचं." २००८ पासून प्रत्येक स्वाराच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली जाऊ लागली. त्यालाच जैविक पासपोर्ट म्हणतात. तोवर आम्ही टूर बघणे जवळजवळ सोडले होते. आई नव्हती, काका नव्हते, बघायचे कोणाबरोबर?

काका २०११ साली वारले. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरदर्शन मुलाखतीत कबुली दिली. १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे टूरच्या यादीत विजेता म्हणून कोणाचेच नाव नाही. ती जागा दुसऱ्या कोणालाही दिलेली नाही. पिवळा पट्टा आम्ही कचऱ्यात टाकला. "फसवलं त्यानं आपल्याला," असे पुष्कळ दिवस म्हणत राहिलो. खरे तर आम्हाला सत्य नको होते, चमत्कार हवा होता. १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासोन नावाचा फ्रेंच स्वार औषधांविरुद्ध उघड बोलला. बाकीच्या स्वारांनी त्याला वाळीत टाकले आणि शर्यत अर्धवट सोडून तो निघून गेला. हे वाचले तेव्हा आम्हाला काकांची सायकल दिसली. खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा आर्मस्ट्राँगने मोडली, तशी त्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत आम्हीही मोडली होती.

आणि हे पाप फक्त परदेशी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणी करणारे आल्याचे कळताच खेळाडू पांगले आणि १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू धावला. आमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न हवेतून आलेला नव्हता.

या जानेवारीत पुण्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. १९ ते २३ जानेवारी, ४३७ किलोमीटर. बहिणीकडे गेलो होतो, म्हणून शहराबाहेरच्या एका वळणावर जाऊन उभे राहिलो. सगळा घोळका अर्ध्या मिनिटात सूंऽऽ करत निघून गेला. टाळ्या वाजवताना मनात शंका होतीच, यातला खरा कोण? मग बऱ्याच वेळाने, मागे पडलेला एकटा स्वार आला. घामाने निथळलेला. त्याच्यासाठी आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि दोघांचेही डोळे भरून आले.

त्या मुलाने प्रश्न विचारला त्याच आठवड्यात आम्ही लालागुड्याला काकूंकडे गेलो. जक्कयाने कोणाचे लुबाडले असेल तर चौपट परत करायचे ठरवले होते. आमच्याजवळ परत करायला काय होते? उशिरा आलेली क्षमायाचना. काकूंनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "बोललात त्याचं त्यांना एवढं नाही लागलं. रागात होतात, आई आजारी होती. पण तुम्ही यायचे थांबलात ना, ते लागलं. टूर लागली की दाराकडे बघायचे." यावर आम्हाला काही बोलता आले नाही. त्यांनी चहा ठेवला. निघताना आम्ही विचारले, "त्या मुंबई-पुणे शर्यतीत काकांचा कितवा नंबर आला होता?"

"नंबर कसला! अंधार पडला होता, मंडप काढून झाला होता. पण पोचले होते."

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात हे सगळे सांगितले, आमच्या बोलण्यासकट. मग त्या मुलाला म्हणालो, "बाळा, न घेणारा हरू शकतो. पुष्कळदा हरतोच. मुकुट देणारा मंडप काढून निघून जात नाही, एवढंच आम्हाला ठाऊक आहे." त्याला ते पटले की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. पण वर्ग सुटल्यावर तो थांबला आणि त्याने विचारले, "अंधारात घाट कसा चढले असतील?"

या प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाला जाण्याआधी आपण एक करू या. कोणाचे खरे बोलणे आपल्याला झोंबले आणि कोणाच्या घरी जायचे आपण थांबलो, ते आठवू या. ते माणूस हयात असेल तर आजच जाऊ या.

हे प्रभू येशू, आम्हाला सोयीच्या चमत्कारापेक्षा सत्य आवडू दे. सत्य सांगणाऱ्यासाठी आमचे दार उघडे राहू दे. जे मागे पडले, पण नियमाने धावले, त्यांची तू वाट पाहतोस, हे आमच्या मुलांना आमच्या वागण्यातून कळू दे. आमेन.