दांडीवरचा दोरा

मशीनपर्यंत पोचायच्या आधीच डिझेलचा वास आला. वडवणी आणि तेलगावच्या मधल्या माळावर डिसेंबरात सकाळची हवा जड असते, वास जमिनीलगत बसून राहतो. पोकलेनखालचा मुरूम तव्याएवढा काळा पडला होता. टाकीचं झाकण शेजारच्या दगडावर नीट ठेवलेलं. बॅटरीच्या पेटीचं दार उघडं, आत दोन रिकामे चौकोन, आणि कापलेल्या जाड वायरींची तांब्याची टोकं कोवळ्या उन्हात चमकत होती. मला साईटवर येऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते.

मशीन माझ्या दादाची. दिवाळीनंतर मांजरसुंब्याच्या घाटात तो मोटारसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी तीन महिने खाट सोडायची नाही म्हणून सांगितलं. त्याच्या दोन मशिनी, एक पोकलेन आणि एक जेसीबी, रेल्वेच्या भरावाच्या कामावर एका पोटठेकेदाराकडे तासावर लावलेल्या होत्या. दोन्हींचे हप्ते चालू. मी बीडमध्ये खोली करून पोलीस भरतीचा अभ्यास करत होतो. आईचा फोन आला, "बाळा, तेवढे तीन महिने बघ." मी पुस्तकांची पिशवी घेऊन साईटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामदिनी, अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झाली तेव्हा मी स्टेशनात उभा होतो. परळीपर्यंतचा हा मार्ग २६१ किलोमीटरचा आहे हे मला परीक्षेसाठी पाठ होतं. पण त्या मार्गाखाली टाकायचा मुरूम कोण उकरतं, कशानं उकरतं आणि ती मशीन रात्री कुणाच्या भरवशावर माळावर उभी असते, याचा विचार कधी केलेला नव्हता.

दादाला फोन केला. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "टाकीत किती होतं?" मला सांगता आलं नाही. संध्याकाळी भरून घेतली होती एवढंच माहीत. साडेतीनशे-चारशे लिटरची टाकी. त्यातलं शंभर गेलं की तीनशे, काहीच कळायला मार्ग नव्हता.

ठाण्यात गेलो. चोरीचं कलम मला तोंडपाठ होतं: आधी भारतीय दंड विधानातलं ३७९, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेतलं ३०३. जमादारांनी कलम विचारलं नाही. त्यांनी विचारलं, बॅटरीचा नंबर काय, डिझेल किती लिटर, मशीनचा नंबर काय. बॅटरीला नंबर असतो हे मला तिथे समजलं. मशीनच्या नंबरचं तर आणखी वेगळं निघालं. जेसीबी रबरी टायरवर चालतो, त्याची नोंदणी होते, त्याला गाडीसारखी पाटी असते. पोकलेन लोखंडी साखळीवर चालते, तिला पाटी नसते. तिची ओळख म्हणजे सांगाड्यावर ठोकलेल्या पत्र्यावरचा कंपनीचा क्रमांक, आणि तो मला माहीत नव्हता. मी परत आलो, ग्रीस आणि मातीच्या थराखालचा तो पत्रा फडक्यानं पुसला, फोटो काढला आणि पुन्हा ठाण्यात गेलो. जमादारांनी सगळं लिहून घेतलं. "आता हे घरी एका वहीत लिहून ठेवा," म्हणाले.

नव्या बॅटऱ्या आणून बसवेपर्यंत दोन दिवस मशीन उभी राहिली. पोकलेनला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकेक चाळीस किलोच्या आसपास. बुडालेलं भाडं बॅटऱ्यांच्या किमतीहून जास्त भरलं. हप्त्याची तारीख काही दोन दिवस पुढे सरकली नाही.

त्या दोन दिवसांत मी एक गोष्ट केली, ती अजून सलते. ऑपरेटर झारखंडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मी दादाची जुनी वही काढून हिशोब केला होता. एका आठवड्यात तासाला नऊ लिटर डिझेल गेलं होतं, पुढच्या आठवड्यात पंधरा. म्हणजे हा रोज डिझेल मारतो, असं मी ठरवून टाकलं. त्याला पिशवी उघडायला लावली. त्यानं उघडली. एक चादर, दोन शर्ट, सत्तूची पिशवी आणि मुलीचा फोटो. "देख लो भैया," एवढंच म्हणाला आणि पिशवी बांधून टाकली.

तेलगावहून बोलावलेले मिस्त्री काका बॅटरी बसवत होते. त्यांनी माझा हिशोब ऐकला आणि विचारलं, "त्या नऊ लिटरच्या आठवड्यात मुरूम नेणाऱ्या हायवा किती होत्या?" दोन होत्या. पुढच्या आठवड्यात सहा. काका म्हणाले, तासमीटर इंजिन चालू असलं की फिरतो, मशीन काम करो की हायवाची वाट बघत नुसती धडधडत राहो. नुसत्या धडधडण्याला तासाला चार-पाच लिटर पुरतं, बकेट काळ्या दगडात घातली की तिप्पट लागतं. हायवा वाढल्या, मशीनला उसंत मिळाली नाही, सरासरी चढली. त्यात चोरी कुठेच नव्हती. संध्याकाळी मी ऑपरेटरजवळ जाऊन माफी मागितली. तो मान हलवून भाकरी थापत राहिला.

दोन दिवसांनी त्यानंच मला एक गोष्ट दाखवली. भरावाच्या पलीकडे दुसऱ्या एकाची त्याच कंपनीची पोकलेन उभी होती. तिच्या ऑपरेटरला सांगून तो केबिनमध्ये चढला, आमची चावी घातली आणि फिरवली. मशीन चालू झाली. मला वाटलं काही बिघाड असेल. बिघाड नव्हता. यातल्या बहुतेक कंपन्यांच्या मशिनींना वर्षानुवर्षं एकच चावी असते, म्हणजे मोठ्या साईटवर कुठल्याही ऑपरेटरला कुठलीही मशीन हलवता येते. सोय म्हणून केलेली गोष्ट. अशी चावी बाजारात सुटीसुद्धा मिळते. मी रोज रात्री ती चावी उशीखाली घेऊन झोपत होतो.

मग मला जे येतं ते केलं: वाचायला बसलो. दादाच्या कागदांच्या फाइलीत विम्याची पॉलिसी होती, ठेकेदारांच्या यंत्रसामग्रीसाठी असते ती. बारीक अक्षरातला वगळलेल्या गोष्टींचा भाग मी भरतीच्या पुस्तकासारखा अधोरेखित करत वाचला. बॅटऱ्या वगळलेल्या. टायर, दोर, वायरी, लवचिक पाइप वगळलेले. इंधन आणि ऑइल वगळलेलं. आणखी एक वाक्य होतं, त्यावर मी बराच वेळ थांबलो: मालाची मोजदाद करताना किंवा नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पहिल्यांदा लक्षात आलेली तूट भरून मिळणार नाही. म्हणजे अख्खी मशीन पळवली तर विमा, पण रात्री माणसं जे नेतात, डिझेल, बॅटरी, हायड्रॉलिकचे पाइप, त्यातलं काहीच नाही. दादाला वाचून दाखवलं. चार वर्षं हप्ता भरून त्यानं ते वाक्य कधी वाचलं नव्हतं. कुणी वाचून दाखवलंही नव्हतं, याचा मला राग आला.

विमा उपयोगाचा नाही म्हटल्यावर चोरी रोखायचं वाचायला घेतलं. ब्रिटनमध्ये त्यासाठी २००७ पासून सीझर नावाची योजना आहे. तिच्यात मशीनवर त्रिकोणी पाटी लावतात आणि शिवाय जागोजागी लपवलेल्या खुणा, डोळ्यांना न दिसणारे ठिपकेसुद्धा. पाटी उपटली तरी मशीन मालकाचं नाव सांगते. आमच्याकडे तसं काही नाही, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून बॅटरीच्या पेटीवर, बकेटवर, जॅकच्या बुडाशी दादाची आद्याक्षरं उठवून घेतली. दोन्ही बॅटऱ्यांचे नंबर वहीत. बकेटचे दात मोजून वहीत, कारण हातोड्यानं पिन ठोकली की दातही निघतो आणि भंगारात जातो.

रोजचं उभं करणं बदललं. काम सुटलं की दोन्ही मशिनी एकमेकींना खेटून, पोकलेनची टाकी जेसीबीच्या अंगाकडे फिरवलेली, मध्ये माणूस शिरणार नाही एवढंच अंतर. बूम खाली, बकेट जेसीबीच्या बॅटरीच्या दारासमोर टेकवलेली. ती उचलायची तर इंजिन चालू करावं लागतं, आणि इंजिनाचा आवाज जवळच्या तांड्यापर्यंत जातो. दोन्ही मशिनींच्या बॅटरीच्या वायरीत लपवून एकेक कटऑफ स्विच बसवला, तो कुठे आहे हे ऑपरेटरला, मला आणि मिस्त्री काकांना ठाऊक. मग तीच चावी कुणाच्याही खिशात असली तरी उपयोग नाही.

डिझेलचं कोडं मात्र सहज सुटेना. चोरी टाळायच्या हिशोबानं टाकी रात्री रिकामी हवी, सकाळी भरावी. मशीनच्या हिशोबानं उलटं: कंपनीचं पुस्तक सांगतं दिवस संपला की भरा, कारण रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं हवेतलं पाणी सुटतं आणि ते पंप खातं. दोन दिवस मी नुसता त्यावर विचार करत होतो. शेवटी काकांनी मार्ग काढला. संध्याकाळी भरायची नाही, पाव टाकी ठेवायची, सकाळी भरायची, आणि चालू करण्याआधी खालच्या फिल्टरचा नट सैल करून साचलेलं पाणी काढायचं. हिवाळ्यात रोज वाटीच्या तळाला लागेल एवढं पाणी निघायचं. ते बघितल्यावर पुस्तकात तसं का लिहिलंय ते कळलं.

आता नाना. नाना म्हणजे आमचे राखणदार, त्याच तांड्यावरचे, साठीच्या पुढचे. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली गावं निम्मी ओस पडतात. कर्ती माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी आणि लेकरं. नानांची दोन्ही मुलं आणि सुना सांगलीकडे गेलेली. साईटवर राखणीला तरणा माणूस शोधायचा कुठून? पहिल्या चोरीच्या रात्री नाना केबिनमध्ये झोपले होते असं मला वाटत होतं आणि मी मनातून त्यांच्यावर नाराज होतो. त्यांनी मला रात्री नऊला केबिनमध्ये बसवलं, आत मोबाइलचा टॉर्च लावला. "काय दिसतंय?" काचेत मला माझाच चेहरा दिसत होता, बाहेरचं काहीच नाही. "म्हणून म्या आत बसत न्हाय," ते म्हणाले. चोरीच्या रात्री ते तापानं फणफणून घरी होते, तसा निरोप त्यांनी नातवाकरवी पाठवला होता. तो निरोप पोटठेकेदाराच्या माणसाकडे गेला आणि माझ्यापर्यंत आलाच नाही. नाना बसायचे मुरमाच्या ढिगावर, अंधारात, घोंगडी घेऊन, पायाशी कुत्रं. तिथून दोन्ही मशिनी आणि गाडीवाट दिसते, आणि वाटेवरून येणाऱ्याला ढीग म्हणजे नुसता ढीग दिसतो.

मोजायची दांडीही त्यांचीच. वेळूची, बोटाएवढी जाड, तासून गुळगुळीत केलेली. झाकणाखालची जाळी काढायची, दांडी तळाला टेकवायची, वर काढायची. ओल जिथवर आली तिथे नाना एक लाल दोरा आवळून बांधत. मी फूटपट्टीनं मोजून आकडा वहीत लिहीत असे. मी म्हणालो, "नाना, आकडा लिहिलाय की, दोरा कशाला?" ते म्हणाले, "आकडा तुमचा, मालक. मला वाचता येत न्हाय. दोरा माझा हाय. सकाळी कुणी म्हणू नये नानानं इकलं."

आणि तिसऱ्याच सकाळी ओल दोऱ्याच्या खाली आली. अर्धं बोट. नाना दांडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. पुन्हा बुडवली, पुन्हा तेच. मी काही बोललो नाही. पिशवीचा प्रसंग ताजा होता, म्हणून आधी काकांना फोन केला. त्यांनी विचारलं, संध्याकाळी किती वाजता मोजता? काम सुटल्याबरोबर. तिथेच चूक होती. चालत्या मशीनमधून वापरून उरलेलं डिझेल गरम होऊन टाकीत परततं. दिवसभरात टाकी हाताला चटका देईल इतकी तापते. रात्री थंडी पडली की तेच डिझेल आकसतं; तीस-पस्तीस अंशांचा फरक पडला तर शंभर लिटरमागे अडीच-तीन लिटर. कुणी थेंबभर न नेता. तेव्हापासून आम्ही रात्री जेवणं झाल्यावर, टाकी गार झाली की मोजू लागलो, आणि मशीन जिथे मोजली तिथून सकाळची मोजणी होईपर्यंत हलवायची नाही, कारण उतारावर टाकीतली पातळीही कलते. दोऱ्याच्या जागी ओल बरोबर येऊ लागली. पहिल्यांदा आली तेव्हा नानांनी दांडी माझ्यासमोर आडवी धरली आणि मी बघेपर्यंत खाली घेतली नाही.

जीपीएसचं यंत्रही बसवलं. बॅटरीची वायर काढली तरी त्याची आतली छोटी बॅटरी चालू राहते आणि वीज तुटल्याचा संदेश फोनवर येतो. पहिला संदेश आला तो फक्त बीडला खाटेवरच्या दादाच्या फोनवर, कारण नंबर त्याचा दिला होता. त्या वेळी काकाच वायर बदलत होते. पण दादा तिथून काय करणार होता? दुसऱ्या दिवशी माझा नंबर घातला आणि नानांच्या बटणांच्या फोनवर माझा नंबर एकाच बटणावर लावून दिला.

जानेवारीतल्या अमावस्येच्या आसपासची रात्र होती. दोनच्या सुमारास कुत्रं भुंकायला लागलं, पाठोपाठ माझा फोन वाजला. नाना कुजबुजले, "गाडी हाय. बत्ती न्हाय. तुम्ही बाहीर येऊ नका, नुसता आवाज करा." मी पत्र्याच्या खोलीवर आतून घमेलं बडवलं. ऑपरेटरनं कटऑफ चालू करून जेसीबीचे दिवे आणि हॉर्न लावला. तांड्यावरची कुत्री उठली. एक पिकअप दिवे न लावता भरावाच्या कडेनं खडखडत निघून गेली. नाना ढिगावरून उठलेच नव्हते. त्यांनी गाडीच्या मागच्या पाटीचे जेवढे रंग, जेवढा आकार दिसला तेवढा लक्षात ठेवला होता, तो सकाळी जमादारांना सांगितला.

उजाडल्यावर बघितलं तर टाकीचं कुलूप तुटलेलं. झाकण जागेवर, पण फिरलेलं. नानांनी जाळी काढली, दांडी बुडवली, वर काढली. ओल दोऱ्याला टेकलेली होती. त्यांनी पुन्हा एकदा बुडवून दाखवली, या वेळी ऑपरेटरलाही.

दादाला फोन लावला. तो जागाच होता.

"किती?"

"रात्री एकवीस सेंटिमीटर," मी वही बघून म्हणालो, "आत्ताही एकवीस."