हें कोणत्या कप्प्यांत ठेवावें ?

ग्रंथांची वर्गवारी हें काम वरवर पाहतां कारकुनी वाटतें. चिठ्ठी चिकटवावी आणि पुस्तक आपल्या जागीं ठेवून द्यावें, यांत विचार करण्यासारखें तें काय आहे, असें पुष्कळांस वाटत असेल. परंतु ज्यांनीं हें काम थोडे दिवस तरी केलें आहे त्यांस ठाऊक असतें कीं, पुस्तकाला जागा देणें म्हणजे त्याच्याविषयीं एक मत देणें होय. आणि तें मत पुढें येणाऱ्या वाचकावर, त्याला न विचारतां, लादलें जात असतें.

मराठींत या कामाचा मोठा आदर्श आहे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची विषयवार सूची केली, ती १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा भाग १९६१ सालीं निघाला. एका हातानें केलेल्या अशा कामांत एक गुण असतो: वर्गवारी पटो वा न पटो, ती आरंभापासून अखेरपर्यंत सारखी असते. २०१२ सालीं सुरू झालेल्या विकिडेटाची गोष्ट याच्या नेमकी उलट. जगांतील कोणीहि यावें आणि नोंद करावी, असा तो सामाईक माहितीसंग्रह आहे. त्यांत पुस्तक, नाटक, चित्रपट या सर्वांसाठीं 'प्रकार' म्हणून एकच रकाना ठेविलेला आहे, आणि आमच्या मतें सगळी अडचण त्या एका रकान्यांत सांठली आहे.

गेलीं दोन वर्षें आम्ही चार-पांच स्नेही रविवारीं सकाळीं सदाशिव पेठेंत जमून मराठी ग्रंथांच्या आणि चित्रपटांच्या नोंदी या संग्रहांत भरीत असतों. आमच्यांत एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, त्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतों. आणि चित्रपटविद्येचा एक तरुण अभ्यासक आहे. 'कुंकू' या चित्रपटापाशीं दोघांचा वाद जुंपला. हा चित्रपट प्रभात कंपनीनें १९३७ सालीं पुण्यांत काढला आणि तो ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला आहे. इंग्रजी याद्यांत त्याच्यापुढें 'ड्रामा' असा एकच शब्द आढळतो.

तरुण म्हणाला, "अप्पा, तुमचें कपाट पुस्तकांचें आहे. चित्रपट त्यांत मावायचा नाहीं. जगांत सगळीकडे 'ड्रामा' म्हणतात, तर आपणहि तेंच लिहूं."

अप्पा म्हणाले, "अरे, मावेल कीं नाहीं तें मागाहून पाहूं. आधीं मला सांग, लोकांनीं तिकीट काढलें तें काय पाहायला म्हणून काढलें ?"

हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटला. त्या काळचा मराठी प्रेक्षक चित्रपटांचे तीन ढोबळ वर्ग करी: पौराणिक, ऐतिहासिक आणि सामाजिक. 'सामाजिक' याचा अर्थ, पुराणांतला नव्हे, इतिहासांतला नव्हे, तर आपल्याच घरांतला प्रश्न. 'कुंकू' मधील नीरा वृद्धाशीं लावून दिलेलें लग्न मान्य करीत नाहीं. जरठ-कुमारी विवाहाचा हाच प्रश्न देवलांनीं १८९९ सालीं 'शारदा' नाटकांत रंगभूमीवर मांडला होता. नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांना जोडणारा धागा 'सामाजिक' या शब्दांत आहे. 'ड्रामा' या शब्दानें तो तुटतो. गंभीर म्हणून जें जें असेल तें सारें त्या एका शब्दांत भरतां येतें, आणि म्हणूनच त्यावरून कांहींच कळत नाहीं.

मग प्रकार ठरवावा तरी कशावरून ? दहाव्या शतकांत धनंजयानें 'दशरूपकां'त रूपकांचे भेद सांगतांना वस्तु, नेता आणि रस अशा तीन कसोट्या वेगवेगळ्या मानल्या आहेत. आम्हीं ती दृष्टि घेतली आणि आपल्या सोयीसाठीं प्रश्नांची फोड केली. कृतीचें रूप कोणतें, कादंबरी, नाटक कीं चित्रपट ? वस्तु कोठली, पुराणांतली, इतिहासांतली कीं आजच्या समाजांतली ? प्रधान रस कोणता ? असें केलें म्हणजे पुष्कळ गुंता आपोआप सुटतो. भयकथा आणि भयपट यांच्यासाठीं दोन निरनिराळे कप्पे करावे कीं एकच, यावर लोक भांडत असतात. भयानक हा रस आहे. तो पानांतूनहि उपजतो आणि पडद्यावरूनहि. रूपाची नोंद वेगळी ठेविली कीं रसाला एकच नांव पुरतें.

तथापि या तीन प्रश्नांनीं सर्व कांहीं भागतें असें मात्र नाहीं. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. परदेशी यादी त्याला चरित्रपट म्हणते. मराठी माणूस त्याला संतपट म्हणतो, आणि या दोहोंत अंतर आहे. चरित्रपटाचा पूर्वज चरित्रग्रंथ. संतपटाचा पूर्वज अठराव्या शतकांतील महीपतीचा 'भक्तविजय' आणि कीर्तनकाराचें आख्यान. तुकोबांचें सदेह वैकुंठगमन चरित्रकाराला अडचणीचें वाटेल. आख्यानांत त्यावांचून शेवट नाहीं. तीच गोष्ट तमाशापटाची. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहांत १३१ आठवडे चालला. त्याला 'संगीतपट' म्हणून गप्प बसणें म्हणजे लावणी, फड आणि बोर्डावरची सवाल-जबाबाची चढाओढ यांचें नांवच पुसून टाकणें होय. अशीं नांवें फोडून वाटतां येत नाहींत; तीं परंपरेचीं नांवें म्हणून अखंडच ठेविलीं पाहिजेत.

उलट, कांहीं कृती एका नांवांत मावत नाहींत. साने गुरुजींची 'श्यामची आई' कोणी कादंबरी मानतात, कोणी आत्मचरित्र, कोणी संस्कारकथांची माला. स्वतः लेखकानें तर प्रकरणांना 'रात्र' म्हटलें आहे. अशा ठिकाणीं एकाचा जय करण्याचें कारण नाहीं. या संग्रहांत एकाहून अधिक प्रकार लिहितां येतात आणि प्रत्येकाच्या खालीं आधार देतां येतो. मात्र आधार देण्याचा आळस करूं नये. आधारावांचून लिहिलेला प्रकार म्हणजे लिहिणाऱ्याची आवड, यापलीकडे त्याची किंमत नाहीं.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, पुष्कळ ठिकाणीं आतां कृती उरलेली नसून केवळ नांव उरलें आहे. भारतांत १,३०० च्या वर मूकपट निघाले. त्यांतील फारच थोडे आज पाहावयास मिळतात. बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' हाहि आपट्यांच्याच कथेवरचा. सामाजिक चित्रपटांच्या इतिहासांत त्याला पहिलें मानाचें पान देतात, पण तो मूकपट आज कोणास दिसत नाहीं. पाहून खात्री करून घेण्याची सोय जेथें राहिली नाहीं, तेथें नोंदींतला एक शब्द हाच काय तो साक्षीदार होय. तो चुकला तर चूक दाखविणारें कोणीहि नाहीं. आणि तो लिहिलाच गेला नाहीं तर शोधणाऱ्याला ती कृती कधीं भेटणारच नाहीं.

कुंकवाचा वाद शेवटीं असा मिटला: वस्तु 'सामाजिक' अशी नोंद झाली, कादंबरीशीं संबंध जोडला गेला, आणि 'ड्रामा' हा शब्दहि आधारासह तेथेंच राहूं दिला, कारण तसें म्हणणारे लोक आहेत हेंहि खरेंच आहे. अप्पांना हें पूर्ण पटलें नाहीं, तरुणालाहि नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, नाटकांच्या जाहिराती किंवा ग्रंथविक्रेत्यांच्या याद्या पडून असतील, तर त्यांनीं त्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या. त्या काळच्या लोकांनीं आपल्या करमणुकीला आपल्या तोंडानें काय नांव दिलें होतें, तें त्यांत छापलेलें असतें. आणि तें साल घालून उतरून ठेवावयास अर्धी घटकाहि लागत नाहीं.