एका लॅपटॉपमधील दोन घड्याळे

१/ या धाग्यात आपण बहुधा किल्ले, शिलालेख आणि बखरी पाहतो. आजचा विषय घरगुती आहे: पनवेलच्या आमच्या घरातील नऊ वर्षांचा लॅपटॉप. वाट मात्र इतिहासाकडेच जाते.

२/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली आणि विंडोज ११ च्या अटींत हे यंत्र बसेना. लिनक्स घालायचे ठरले. पण विंडोज पुसून टाकणे शक्य नव्हते. वडिलांनी निवृत्तीनंतर घराण्याचे मोडी कागद वाचून त्यांचे बाळबोध लिप्यंतर टंकून ठेवले होते, तेही युनिकोडपूर्व फाँटात. तो फाँट नसेल तर त्या फाइलींत मराठी दिसत नाही, निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. वडील आता नाहीत. म्हणून ड्युअल बूट: एका यंत्रात दोन प्रणाली.

३/ लिनक्सच्या वितरणांनाही वंशावळ असते. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने गाभा लिहिला. १९९३ मध्ये इयन मर्डॉकने डेबियन सुरू केले. त्यातून २००४ मध्ये उबंटू आणि उबंटूवरून २००६ मध्ये मिंट आले. आपल्या सी-डॅकचे ‘बॉस’ही डेबियनच्याच शाखेतले. मी मिंट निवडले, कारण विंडोजची सवय असलेल्या आईला त्याची मांडणी परकी वाटणार नव्हती. शिवाय पेनड्राइव्हवरून आधी चालवून वायफाय आणि आवाज पारखता आले.

४/ प्रथम वडिलांच्या फाइली, फाँटसह, बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. मग विंडोजमधूनच त्याचे विभाजन आक्रसून ६० जीबी जागा मोकळी केली, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केले आणि त्या मोकळ्या जागेत मिंट बसवले.

५/ पुन्हा विंडोज उघडले, तर निळा पडदा: बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली द्या! सुरू होण्याच्या क्रमात बदल झाला की कुलूपबंद डिस्क अशी सावध होते. किल्ली वडिलांच्या खात्यात नोंदलेली होती आणि खात्याचा पासवर्ड आईच्या हिशेबाच्या वहीत. ती वही सापडेपर्यंतचा अर्धा तास मी विसरणार नाही.

६/ विंडोज उघडले, पण रात्रीचे नऊ वाजले असता घड्याळात दुपारचे साडेतीन! लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतो. विंडोज तीच स्थानिक मानतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची एक आज्ञा दिली आणि तंटा मिटला.

७/ आपल्या शेजारच्या मुंबईत असा तंटा जवळजवळ पन्नास वर्षे चालला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईने मात्र ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपली. दोन्ही घड्याळे आपापल्या जागी बरोबरच होती. भांडण होते ते प्रमाण कोणते मानायचे याचे.

८/ आता रोज एक फाइल युनिकोडमध्ये आणतो. रूपांतरात रफार आणि ‘ऱ्या’ चुकतात, म्हणून प्रत्येक ओळ मूळ मोडी कागदाशी ताडून पाहावी लागते. वडिलांनी केलेले वाचन त्यामुळे मी पुन्हा करतो आहे. तुमच्या घरीही जुन्या फाँटातील लेखन असेल, तर तो फाँट चालतो आहे तोवरच ते उतरवून घ्या.