मूळ इंजिन

नोंदणीपुस्तकात गाडीची ओळख दोन क्रमांकांनी पटवलेली असते: एक चासीचा, दुसरा इंजिनाचा. आमच्या अण्णांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या, गाडीच्या पुस्तकात चासीचा क्रमांक 1986 पासून तोच आहे. इंजिनाचा मात्र 1999 साली बदलला. ह्या दोहोंपैकी गाडी कोणती, असा प्रश्न अण्णांच्या हयातीत कुणाला पडला नाही. ते गेल्यावर पुण्याचे एक हौशी संग्राहक गाडी मागायला आले आणि त्यांनी पहिल्यांदा विचारले ते हेच, "मूळ इंजिन आहे का?" मूळ इंजिन परत बसवून दिल्यास ते जवळजवळ दुप्पट पैसे देणार होते. चुलतभावावर डाळिंबाच्या बागेचे कर्ज आहे. त्यामुळे प्रश्न नुसता तात्त्विक राहिला नाही.

फलटण म्हटले की बाहेरच्यांना नीरेचा उजवा कालवा आणि ऊस आठवतो. आमची जमीन त्या फलटणात नाही. ती ताथवड्याच्या बाजूला, संतोषगडाच्या पायथ्याकडच्या माळावर आहे; कालव्याचे पाणी तिथे कधी चढले नाही. महिंद्राची ही फोर-व्हील ड्राइव्ह गाडी, मागे पत्र्याचा हौदा बसवलेली, अण्णांनी घेतली ती ओढ्यातून वर चढणाऱ्या खडकाळ वाटेसाठी. खत, कडबा आणि उन्हाळ्यात पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी म्हणजे टनभर वजन, आणि ते अर्धवट भरलेले असले की वळणावर स्वतःच्या मर्जीने हलणारे. त्या चढावर जुने इंजिन गुदमरे.

ते इंजिन मुळात वाईट नव्हते. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्यावरचे, 2112 घनसेंटिमीटरचे डिझेल. सिलिंडरचा व्यास 90 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 83. धाव आखूड, म्हणून ते फिरण्यात चपळ. पण त्याची ताकद वरच्या फेऱ्यांत, आणि ओढ्यातल्या दगडांवर वरच्या फेऱ्या आणायच्या कुठून? अण्णांनी अपघातात चेपलेल्या एका कमांडरचे 2523 घनसेंटिमीटरचे इंजिन शोधून काढले. त्याचा व्यास 88.9 आणि धाव 101.6. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचे इंच करून पाहा: नेमके साडेतीन आणि चार. मिलिमीटरच्या पोशाखात इंचाचे हाड. ह्या इंजिनाचे कूळ इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरशी जुळते, आणि ते त्याच्या चालीतही दिसते. मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या वर त्याला जायचेच नसते.

मोठे इंजिन म्हणजे अधिक वेग, ही शहरी समजूत आहे. अण्णांच्या गाडीचा वेग कमी झाला. क्राउनला 43 दात, पिनियनला 8. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी दांड्याचे जवळपास साडेपाच फेरे. त्यात इंजिन संथ. लोणंदच्या सपाट रस्त्यावर गाडी ताशी ऐंशीच्या पुढे जाईना, मागून येणारे हॉर्न वाजवून जात. पण ओढ्यातून पाणी भरून ती पहिल्या गिअरमध्ये म्हशीसारखी सावकाश, न थांबता वर येई.

फलटणचे मिस्त्री काम हाती घेताना म्हणाले होते, "अण्णा, इंजिन काय, बसवू की. पर बाकीच्या गाडीनं त्याला हो म्हणाय पायजे." मला ह्या वाक्याचा अर्थ पुढच्या पाच आठवड्यांत कळत गेला. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तोंड जुळेना, म्हणून मध्ये जाड लोखंडी चकती कातून घातली. दोन्हींचे मध्य किंचित जरी चुकले तरी क्लच आणि बेअरिंग खाल्ले जाणार, म्हणून ती चकती मिस्त्रींनी तीनदा लेथवर नेली. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा तेलाच्या भांड्याला घासत होता. इंजिन थोडे उचलावे लागले. उचलल्यावर पंखा रेडिएटरच्या चुकीच्या भागात आला. वजन वाढले म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला, तर स्टिअरिंग जड झाले. एक शब्द बदलला की सगळे वाक्य पुन्हा लिहावे लागते, हे भाषांतर करणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी साताऱ्याच्या कार्यालयात खेटे घालून नवा क्रमांक पुस्तकात चढवला, तो दिवस अण्णांनी पेढे वाटून साजरा केला.

आज हे इतके सरळ झाले नसते. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाचे आजचे रूप असे, की नोंदणीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरबदल मालकाने करू नये; जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे उचलून धरले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. ब्रेक तेच ठेवून इंजिन वाढवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण हे कलम वाचताना मला एकनाथ आठवतात. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि ह्यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद अखेरीस दिली. बदल करू नका, हे सांगणारा माणूस स्वतः नुकताच हात धुऊन उठलेला. पुढे 1909 मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून आणखी जुनी प्रत छापली. अभ्यासकांनी तिच्यावर वाद घातले. वारकरी आपल्या परंपरेचा पाठ म्हणत राहिले. 'मूळ' म्हणणारा प्रत्येक जण कोणते तरी एक साल निवडत असतो.

संग्राहकांनी 1986 निवडले होते. मी भावाला म्हटले, ते साल आता चासीतही उरलेले नाही. मिस्त्रींनी जोडलेले आधार कापावे लागतील, भोके बुजवावी लागतील, वाढवलेले पाटे काढावे लागतील. 2003 च्या दुष्काळात ज्या गाडीने तीन वस्त्यांना पाणी पोचवले, ती गाडी त्यात पुसली जाईल आणि जी उरेल तिने ते पाणी कधी वाहिलेले नसेल. भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, हप्ता तुला भरायचा नाही." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

तोड वहिनींनी काढली. गोठ्यामागे, बारदानात गुंडाळलेले ते जुने प्यूजो अजून होते. ब्लॉकवरचा क्रमांक खरवडला की वाचता येत होता. संग्राहकांकडे त्याच बनावटीची आणखी एक गाडी इंजिनाविना पडून होती. त्यांनी नुसते इंजिन घेतले. आलेल्या पैशांत एक हप्ता गेला, दुसऱ्याचा थोडा भाग. टेम्पोत ते चढवताना गृहस्थ समाधानाने म्हणाले, की आता त्यांची ती गाडी अगदी मूळ स्वरूपात येईल.