‘तिथे रेंज येते का?’



सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या खान्देशी घरांत पूर्वी सुट्टी म्हणजे गाव. उधना स्टेशनवर तापी लाइनची गाडी धरायची, बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकायचं, नवापूर आलं की ‘हे स्टेशन अर्धं गुजरातमध्ये आणि अर्धं महाराष्ट्रात’ हे पोरांना दरवेळी नव्याने सांगायचं, आणि मग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, ज्याचं जे गाव असेल तिथे उतरायचं. राहायची सोय काय, हा प्रश्नच नव्हता. मामाच्या ओट्यावर गोधड्या अंथरल्या की संपलं.

आता गावची बरीच घरं कुलूपबंद. मामा-काकाच डिंडोली-लिंबायतला राहायला आलेले. पोरं म्हणतात, कुठेतरी जाऊ या. आणि सुरतेहून दोन दिवसांत जाऊन येण्यासारखं म्हटलं की डांग. सापुतारा सगळ्यांचा चार-पाचदा झालेला असतो, म्हणून हल्ली आपले लोक आतल्या गावांकडे वळतात. नदीकाठचे तंबू, बांबूच्या झोपड्या, कुणाच्या शेतातल्या दोन खोल्या. जागा सुंदर असतात. पण बुकिंग करताना घरातून पहिला प्रश्न पाण्याचा नाही, जेवणाचा नाही. ‘तिथे रेंज येते का?’

याच प्रश्नावर आज थोडं लिहितो. लांबलंय, पण वाचा.

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी आम्ही डांगच्या जंगलात पूर्णा नदीच्या बाजूला एका ठिकाणी दोन रात्री राहिलो. मी, सौ., आई, दहावी झालेली मुलगी आणि धाकटा. बुकिंगवाल्या दादांनी फोनवरच स्वच्छ सांगितलं होतं, “साहेब, रेंज नाही, वायफाय नाही, टीव्हीपण नाही. चालत असेल तर या.” धाकटा रुसला. आई खूश झाली. सौ. काहीच बोलली नाही.

ती का बोलली नाही, ते मला माहीत होतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी सुरतेत शिरलं तेव्हा तिचे भाऊ-वहिनी रांदेरला तळमजल्यावर राहत होते. तीन दिवस त्यांचा फोन लागला नाही. वीज गेली, टॉवर बंद पडले, हातातल्या मोबाइलची बॅटरी संपली. उधन्यात बसून ही तीन दिवस नंबर फिरवत होती. भाऊ शेजाऱ्यांच्या गच्चीवर सुखरूप होता, पण तेव्हापासून कुणाचा फोन लागला नाही की हिच्या पोटात गोळा येतो. सुरतेत अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे ‘दोन दिवस फोन बंद, काय मज्जा!’ असं म्हणताना जरा बघून म्हणावं.

तरी निघालो. आणि व्यारा ओलांडता ओलांडता माझ्या फोनवर मेसेज आला. मुलीचा डिप्लोमाच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरलेला होता. त्यातला शाळा सोडल्याचा दाखला अस्पष्ट दिसतो, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत पुन्हा अपलोड करा. मूळ दाखला डिंडोलीच्या घरी, कपाटात. लॉगिनचा ओटीपी माझ्याच नंबरवर येणार. आणि आम्ही निघालेलो रेंज नसलेल्या गावाला.

गाडी बाजूला घेतली. मुलीचा चेहरा उतरला. परत फिरायचं का? बुकिंगवाल्या दादांना फोन लावला, ते कामासाठी व्याऱ्यालाच होते. म्हणाले, “परत कशाला जाता? टेकडीवर रेंज येते. बरोबर पोरगं देतो.” मग सुरतेला धाकट्या भावाला फोन केला. किल्ली शेजारच्या भाभीकडे आहे, उद्या सकाळी जा, दाखल्याचा स्वच्छ फोटो काढ, आमच्या फोनची वाट बघ. तो म्हणाला, “दादा, तू निवांत जा.”

त्या संध्याकाळचं एक सांगतो. जेवण करणाऱ्या मावशी चुलीवर नागलीच्या भाकरी थापत होत्या. सोबत उडदाची डाळ आणि बांबूच्या कोंबाचं लोणचं. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सवयीने अहिराणीत म्हणाली, “काय भाजी करी ऱ्हायनी?” मावशी हसल्या आणि डांगीत उत्तर दिलं. मग दोघी तासभर बोलत होत्या. डांगी बोलीत मराठी, गुजराती, अहिराणी असं सगळंच ऐकू येतं. १९६० मध्ये राज्यं वेगळी होताना डांग कुणाकडे जाणार यावरून मोठा वाद झाला होता, तो का झाला ते त्या चुलीपाशी बसल्यावर समजतं. आमच्या घरात आईशी इतका वेळ अहिराणीत कुणी बोलत नाही. त्या दिवशी रेंज असती तर आम्ही सगळे आपापल्या फोनमध्ये असतो, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा मुलगा आला. बारावीत शिकणारा. मी, सौ. आणि मुलगी त्याच्या मागे निघालो. चालता चालता त्याने विचारलं, “काका, सिम कुठल्या कंपनीचं?” मी सांगितलं. काकूंचं? तेही सांगितलं. म्हणाला, “काकूंचं वर सागाच्या झाडाखाली येईल. तुमचं तिथे येणार नाही. तुमचं खाली रस्त्याच्या वळणावर येतं, पण तिथे फोटो उतरत नाही, मेसेजच येतो.”

कोणत्या झाडाखाली कुठली कंपनी, कुठल्या दगडावर उभं राहिलं की बोलणं तुटत नाही, सगळं त्याला पाठ. असं का होतं तेही त्याने समजावलं. डोंगर मध्ये आला की सिग्नल अडतो, दरीत उतरत नाही. टेकडीवर चढलं की लांबचा टॉवर समोर येतो. आता यात टॉवरच नवा लावावा तर तिथपर्यंत वीज पाहिजे, केबल नाहीतर डोंगरावरून डोंगरावर लिंक पाहिजे, जंगलाची जमीन असली तर परवानगी पाहिजे. आणि एवढा खर्च करून गिऱ्हाईक किती? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या डांग जिल्ह्याची लोकसंख्या २ लाख २८ हजार. आपल्या सुरतेत एवढी माणसं दोन-चार वॉर्डांत मिळतील. कंपनी हिशोब करणारच.

वर सागाखाली सौ.च्या फोनवर दोन काड्या आल्या. भावाला फोन लागला. त्याने दाखल्याचा फोटो पाठवला, तो उतरायला दहा-बारा मिनिटं लागली. सौ.ने तेवढ्यात रांदेरला भावालाही फोन करून घेतला, काही कारण नसताना. मग तो फोटो ब्लूटूथने माझ्या फोनमध्ये घेतला आणि आम्ही वळणावर उतरलो, कारण ओटीपी तिथेच येणार. मुलगा म्हणाला, “काका, फोटो छोटा करा. दोनशे केबीच्या आत आणा, मग चढेल.” मुलीने केला. पहिला ओटीपी आला तोवर पान बंद पडलं. दुसऱ्याची वेळ संपली. चौथ्या वेळी लॉगिन झालं, आणि पावणेदोनच्या सुमारास दाखला चढला. मुलगी रस्त्यातच खाली बसली.

मी त्या पोराला म्हटलं, “तू तर इंजिनीअर आहेस बाबा. कुठे शिकलास हे?” तो सहज म्हणाला, “दीदीच्या वेळी.”

त्याच्या मोठ्या बहिणीचा नर्सिंगचा अर्ज. आदल्या वर्षी तिने तो व्याऱ्याला सायबर कॅफेत भरला होता. नंतर एक कागद पुन्हा द्या म्हणून मेसेज आला, अगदी आमच्यासारखाच. पण फोन गावात होता आणि गावात रेंज नाही. चार दिवसांनी ती बाजाराला गेली तेव्हा मेसेज दिसला. तारीख दोन दिवसांपूर्वीच गेलेली. तिचं वर्ष गेलं. त्यानंतर या पोराने रोज संध्याकाळी तिचा फोन घेऊन टेकडीवर जायला सुरुवात केली, मेसेज बघायला. सागाचं झाड, वळण, दोनशे केबी, हे सगळं त्यातून आलेलं. आधी लॉकडाऊनमध्ये शाळेचे धडे व्हॉट्सॲपवर यायचे, तेव्हाही पोरं याच टेकडीवर बसायची.

परतताना माझी मुलगी एकदम गप्प होती. रात्री मला म्हणाली, “पप्पा, माझ्यासाठी काका घरी कपाट उघडायला होते. तिच्यासाठी कुणीच नव्हतं.” मी काय बोलणार? खरंच होतं. सारखाच मेसेज, सारखाच कागद. आमचं दोन दिवसांचं जरा धावपळीचं झालं, तिचं वर्ष गेलं.

तेव्हापासून मला ‘रेंज नाही तेच बरं, गाव गावासारखं राहायला पाहिजे’ हे वाक्य गळ्याखाली उतरत नाही. आपल्या ग्रुपमध्येही ते पुष्कळदा ऐकतो. आपल्याला शांतता पाहिजे, बरोबर आहे. पण फोन बंद करायला बटण आहे. आपल्या शांततेसाठी दुसऱ्याच्या गावात टॉवर नसावा, असं म्हणायचा आपल्याला काय हक्क? आपण तिथे दोन रात्री राहतो, ती माणसं तिथे ३६५ दिवस राहतात.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये ग्रीन बँक नावाचं गाव आहे. तिथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिला अडथळा नको म्हणून १९५८ मध्ये तो भाग ‘शांत क्षेत्र’ ठरवला. गावात मोबाइल चालत नाही. पण तारेचा फोन आहे, तारेचं इंटरनेट आहे. कुणाचा अर्ज रेंजअभावी राहत नाही. ती ठरवून ठेवलेली शांतता. डांगच्या दरीतली शांतता कुणी ठरवलेली नाही, ती नुसती पदरी पडलेली आहे.

आपल्याकडे २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तिथे प्रश्न हॉस्टेलमध्ये मोबाइल वापरू देण्याचा होता. टेकडीवर चढणाऱ्या पोरीलाही तोच हक्क आहे. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने देशातल्या २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे एवढी गावं तेव्हा बाकी होती, आणि आपण सुट्टीला जातो ती बरीचशी अशाच गावांच्या आसपास असतात.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. ‘रेंज येते का’ एवढंच विचारू नका, कोणत्या कंपनीची येते आणि खोलीत येते की बाहेर, ते विचारा. घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. वायफाय आहे म्हणाले तरी बँकेचा ओटीपी साध्या मेसेजने येतो, त्याला मोबाइलचीच रेंज लागते. रोख पैसे न्या, कारण यूपीआयला नेट लागतं आणि तिथल्या माणसाला सुट्टे द्यायलाही त्रास होतो. नकाशा आधी डाउनलोड करा. अडचणीत ११२ लावून बघा, आपल्या सिमची रेंज नसली तरी आसपास दुसऱ्या कंपनीचा सिग्नल असेल तर तो लागू शकतो. घरी म्हातारं माणूस असेल तर जिथे मुक्काम आहे त्याच्या जवळच्या, रेंज असलेल्या गावातल्या कुणाचा तरी नंबर घरी लिहून ठेवा. आम्ही आता बुकिंगवाल्या दादांचाच देतो, आणि सौ. निवांत झोपते.

आणि एक शेवटचं. मागच्या वर्षी मावशींच्या मुलीला प्रवेश मिळाला. तिच्या अर्जावर संपर्कासाठी दोन नंबर होते, एक तिचा आणि एक माझ्या मुलीचा. मुलीनेच तसं सुचवलं होतं. मेसेज आला की ही बुकिंगवाल्या दादांना फोन करायची, आणि ते गावात जाताना निरोप न्यायचे. दोनदा उपयोग झाला. आपण इतक्या गावांना जातो, राहतो, जेवतो, फोटो काढतो. सुरतेत आपल्याला चोवीस तास रेंज आहे. तिथल्या एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या अर्जावर आपला दुसरा नंबर द्यायला काय जातं?

तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल तर जरूर लिहा. आणि डांगमध्ये कुठल्या गावात कुठली रेंज येते, तेही खाली लिहीत जा. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.