नऊने भाग जाणारा फरक

घाटकोपर पूर्वेला लग्नपत्रिका छापण्याचा जुना व्यवसाय असलेल्या एका जैन कुटुंबात २०१९ च्या पावसाळ्यात एक संगणक जन्मास आला. जन्मास आला असेच म्हणावयास हवे, कारण बी.कॉम.ला शिकणाऱ्या नातवाने लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणून तो घरी जोडला होता. पत्रिकांच्या मांडणीसाठी त्याला ॲपलचा मॅक हवा होता आणि नव्या मॅकची किंमत दुकानाच्या गल्ल्याला पेलणारी नव्हती. ॲपलने २००६ पासून आपल्या यंत्रांत इंटेलचे प्रोसेसर बसविले आणि साध्या संगणकावर मॅकची प्रणाली चालविण्याची खटपट जगभर वाढीस लागली. अशा यंत्राला हॅकिन्टॉश म्हणतात.

पहिल्या रात्री पडद्यावर सफरचंद उमटले आणि थोड्याच वेळात त्या जागी तिरकी रेघ मारलेले वर्तुळ आले. सुरू होतानाचा सगळा मजकूर दिसेल अशी सूचना दिल्यावर उलगडा झाला. यंत्र ज्या पेनड्राइव्हवरून सुरू होत होते, तोच त्याला पुढे सापडत नव्हता. मॅकची प्रणाली एका नियंत्रकावर पंधराच यूएसबी जोडण्या मानते आणि पेनड्राइव्ह त्या हिशेबाबाहेरच्या खाचेत होता. मागच्या यूएसबी २ च्या खाचेत तो लावताच गाडी पुढे सरकली.

खरा छळ चित्रपटलाचा. खिडक्या अडखळत सरकत आणि ग्राफिक्सची स्मृती म्हणून जेमतेम ७ एमबी दिसे. कार्ड एनव्हिडियाचे, जीटीएक्स १०६०, उत्तम स्थितीतले. पण त्या पिढीच्या कार्डांचे ड्रायव्हर हाय सिएरापर्यंतच निघाले. २०१८ च्या मोहावीसाठी ते कधी आलेच नाहीत. हाय सिएराकडे परतण्याचा स्वस्त मार्ग होता, पण तरुण माणसाला मागे जाणे पटत नाही. पुन्हा लॅमिंग्टन रोड, थोडी घट सोसून अदलाबदल, आणि एएमडीचे आरएक्स ५८० घरी आले. ते लावल्यावर सफरचंद दिसे, खालची पट्टी अर्ध्यावर जाई आणि पडदा काळा होई.

आठ दिवस असे गेले. नातू एका बैठकीत चार बदल करी, मग कोणत्या बदलाने काय झाले हे त्यालाच सांगता येत नसे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आजोबा त्याच्याजवळ येऊन बसत. एके दिवशी त्यांनी कोरी वही पुढे ठेवली.

"बाळ, एका वेळी एकच नोंद बदल आणि ती इथे लिही."

"आजोबा, ही काही रोजकीर्द नाही."

"ताळा जुळत नाही ना? मग रोजकीर्दच आहे. फरकाला नऊने भाग गेला तर आम्ही आधी आकड्यांची उलटापालट पाहत असू. ४५ चे ५४ झाले असतील."

नातू हसला, पण वही उघडून त्याने सेटिंगची फाइल अक्षर अक्षर ताडून पाहिली. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला केवळ मदतनीस म्हणून ठेवणारा एक सांकेतिक क्रमांक असतो. तो जोड्या उलट क्रमाने लिहावा लागतो. ०३ ०० ९१ ३ई असे हवे होते. त्याने लिहिले होते ३ई ९१ ०० ०३. क्रम सुधारला, आणि त्या रात्री पडदा उजळला.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी सहज विचारले, "हे यंत्र स्वतःला काय म्हणवते?" नातवाने खरे ते सांगितले. आपण २०१९ चा आयमॅक आहोत असे ते प्रणालीस सांगते, त्यासाठी अनुक्रमांकही बनवावा लागतो, आणि तो कोणाच्या खऱ्या मॅकचा नाही ना हे पाहावे लागते. ॲपलच्या परवान्यात ही प्रणाली ॲपलच्याच यंत्रावर चालवावी अशी अट आहे, हेही त्याने लपविले नाही. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी अशी यंत्रे विकू लागली, तेव्हा २००८ मध्ये ॲपलने दावा लावला आणि पुढील वर्षी निकाल ॲपलच्या बाजूने लागला.

आजोबा बराच वेळ गप्प होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली माल अस्सल म्हणून खपविणे.

"पण आजोबा, आपण कोणाला काही विकले नाही."

"पत्रिका विकतो ना?"

यावर घरात दोन दिवस वाद झाला. वडिलांच्या मते शिकण्यापुरते यंत्र ठेवण्यात दोष नव्हता, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. शेवटी दिवाळीला दुकानात जुना, पण ॲपलचाच मॅक मिनी आला. नातवाच्या यंत्रावर विंडोज चढले. आरएक्स ५८० तिथेही उत्तम चालते. पुढे २०२० मध्ये ॲपलने स्वतःचे प्रोसेसर आणले आणि २०२५ ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची प्रणाली ठरली, तेव्हा ही वाट तशीही संपतच आली होती.

वादापूर्वी त्या यंत्रावर दोन पत्रिकांची मांडणी झाली होती. त्यांच्या बिलांत आजोबांनी कागद, शाई आणि छपाई एवढेच लावले. मांडणीच्या रकान्यात रेघ ओढली.