दाजींचा ईएल ८४

दोन प्रकारच्या माणसांशी वाद घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक, आंब्याच्या जातींवर बोलणारा. आणि दुसरा, व्हॉल्व्हच्या आवाजावर बोलणारा. पहिला निदान एखादी फोड तरी हातावर ठेवतो. दुसरा नुसते डोळे मिटतो आणि म्हणतो, "ऐका!" आपण ऐकतो. आपल्याला गाणं ऐकू येतं. पण तेवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. त्याला गाण्याच्या पलीकडचं काहीतरी ऐकवायचं असतं.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. हवा काढून घेतलेली काचेची नळी आणि आत तापणारी तार. १९०४ साली फ्लेमिंगसाहेबांनी पहिली नळी काढली, पुढे अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी तीत एक जाळी बसवली, आणि बारीक आवाज मोठा करायची सोय झाली. १९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला आणि हळूहळू व्हॉल्व्हचे रेडिओ टेबलावरून माळ्यावर गेले.

माळ्यावर गेलेली वस्तू निवृत्त माणूस खाली काढतो, हा सृष्टीचा नियम आहे. अंबाजोगाईचे आमचे दाजी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांचा रेडिओ खाली आला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी कापड, आणि बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट संपूर्ण शांतता. "तापतोय," दाजी आदराने सांगतात. मे महिन्यात अंबाजोगाईत एखादी वस्तू मुद्दाम तापवावी लागते, हे बघून मला त्या पेटीविषयी करुणा वाटली.

या रेडिओतला शेवटचा, म्हणजे स्पीकरला ढकलणारा व्हॉल्व्ह ईएल ८४. नाव एखाद्या खातेक्रमांकासारखं, आणि खरोखरच प्रत्येक अक्षराला अर्थ. 'ई' म्हणजे आतली तार ६.३ व्होल्टवर तापते, 'एल' म्हणजे ताकद देणारा पेंटोड, आणि आठाचा आकडा म्हणजे बुडाला नऊ पाय. दाजींकडे असे तीन होते. एक हॉलंडमध्ये बनलेला फिलिप्सचा, एक बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा आणि एक आजकाल स्लोव्हाकियात बनतो तो, कोरा. दाजींच्या मते हॉलंडचा म्हणजे साजूक तूप, बंगळूरचा म्हणजे ज्वारीची भाकरी आणि स्लोव्हाकियाचा म्हणजे हॉटेलातली भाजी. शेजारचे मास्तर शाळेत संगीत शिकवायचे. ते बंगळूरच्या बाजूचे. या मतभेदापायी आठ दिवस दोन्ही घरांत वर्तमानपत्राची देवघेव बंद होती.

मी कॉमर्सचा माणूस. तरी मध्यस्थी करायची म्हणून चार पुस्तकं चाळली. व्हॉल्व्ह म्हणजे एक बँकच आहे. आत सूर ठेवला की बाहेर येताना तो थोडं व्याज लावून देतो. दुपटीचं व्याज लागलं तर 'सा'वर तार षड्ज मिळतो, तिपटीचं लागलं तर तार पंचम. मूळ 'सा'ला त्याचाच वरचा 'सा' मिळाला तर तक्रार कोण करील? इंजिनियर याला विकृती म्हणतात, दाजी गोडवा म्हणतात. हिशेब एकच, खातं वेगळं.

पण व्याजाचा दर ठरवायला आधी मुद्दल स्थिर पाहिजे. वीज शेजारी परळीला तयार होते, तरी शेतातले पंप सुरू झाले की आमच्याकडचे २३० व्होल्ट २०० वर येतात. त्रैराशिक मांडा. २३० ला ६.३, तर २०० ला जेमतेम साडेपाच. म्हणजे हॉलंडचा व्हॉल्व्ह दुपारी ऐकला आणि बंगळूरचा पंप सुरू झाल्यावर, तर तुलना हॉलंड आणि बंगळूरची होत नाही. पंप बंद आणि पंप चालू यांची होते.

म्हणून मी रीतसर परीक्षा ठरवली. पुस्तकात तीन अटी होत्या. ऐकणाऱ्याला व्हॉल्व्ह दिसता कामा नये. दोन्ही वेळा गाणं तेच हवं. आणि आवाज अगदी तेवढाच मोठा हवा, कारण जरा मोठा असतो तो कानाला मोठा वाटतच नाही, चांगला वाटतो. रेडिओ मधल्या खोलीत पडद्याआड ठेवला. मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती, त्यांत मास्तरांच्या नातवाने मोबाईल जोडून दिला. गाणं भीमसेनजींचा अभंग. व्हॉल्व्ह बदलायला अक्का, कारण दोन्ही पक्षांचा विश्वास असलेली व्यक्ती घरात तेवढीच होती. मी दाराशी वही घेऊन बसलो.

पहिला लागला. दाजी म्हणाले, "ठीक." मास्तर म्हणाले, "बरा." खट्. शांतता. दुसरा लागला. दोघांनी नाकं मुरडली. पुन्हा खट्. तिसरा लागला आणि दाजी ताठ बसले. "बघा! टाळ बघा कसा लखलखीत! हॉलंडच!"

"टाळ खराच," मास्तर म्हणाले, "पण हा बंगळूर!"

दोघं चहासाठी थांबले तसा मी आत गेलो. "अक्का, तिसरा कुठला होता?"

"तोच."

"तोच म्हणजे?"

"पहिल्यापासून आत होता तोच. अरे, निखाऱ्यासारखा तापलेला असतो तो. हात कोण भाजून घेईल?"

"मग मधे खट् कशाचं?"

"बंद करून चालू केला. बंद-चालू नि आवाज एकाच बटणावर आहे. तिसऱ्यांदा जरा जास्त फिरवला." तिने साखरेचा डबा लावला आणि हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली, ह्यांना टाळ ऐकू येत नाही. काकड्याला रोज जायचे, ते सोडलं. म्हणतात टाळकरी बदलले, आता मजा नाही राहिली. टाळकरी तेच आहेत रे."

वय झालं की कानातून बारीक, वरचे सूर आधी जातात, हे त्याच पुस्तकात होतं. माणूस मात्र आधी टाळकरी बदलून बघतो, मग व्हॉल्व्ह.

"डॉक्टरकडे?"

"इथल्या डॉक्टरकडे जायचे नाहीत. सगळं गाव ओळखतं." अक्काने ट्रे माझ्या हातात दिला. "तू एक कर. बाहेर जाऊन म्हण, लातूरला एका दुकानात हॉलंडचा जुना माल आलाय."

वीस वर्षं बँकेत आहे; खोटी नोंद कधी केली नाही. वहीत लिहिलं, 'क्रमांक तीन : उत्तम', आणि देशाचा रकाना कोरा सोडला. मग बाहेर जाऊन निरोप सांगितला.

"किती नग आहेत?" दाजींनी उठतच विचारलं.

"जाऊन बघावं लागेल, दाजी. मंगळवारी निघू."

मास्तरही येतो म्हणाले. अक्काने तेव्हाच फोन करून मंगळवारी साडेदहाची वेळ घेतली, आणि दोन माणसांची घेतली.